मागे वजन पाहिजे

जूनमधला पहिला पाऊस, सकाळचे साडेनऊ, कर्वे पुतळ्याचं वळण. मी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. गाडीचं नाक आज्ञाधारकपणे डावीकडे वळलं. मागच्या भागाला मात्र हा निर्णय आपल्याला विश्वासात न घेता झाला, असं वाटलं असावं. त्याने स्वतंत्र गट स्थापन केला आणि तो उजवीकडे निघाला. पुढच्या तीन सेकंदांत मला कर्वे पुतळा, रसवंतीगृह, एक भिजलेली म्हैस आणि पुन्हा कर्वे पुतळा, असं क्रमाने दर्शन झालं. गाडी थांबली तेव्हा तिचं तोंड आमच्या घराकडे होतं आणि पुढ्यात पीएमटीची बस उभी होती.

ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली. आता माझ्या सात पिढ्यांचा उद्धार होणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले. तो शांतपणे म्हणाला, "काय साहेब, घरी काही विसरलं का?"

"डबा," मी म्हटलं. आणि खरोखरच घरी गेलो.

साल १९९६. गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, माझ्याकडे आली तेव्हा तिसऱ्या हातची. तिला पद्मिनी कुणीच म्हणायचं नाही. लग्नात नाव बदललं तरी माहेरची माणसं जुन्याच नावाने हाक मारतात, तसं सगळं गाव तिला फियाटच म्हणायचं. (तिची पन्नाशीच्या दशकातली आजी तर 'डुक्कर फियाट' म्हणून ओळखली जायची. त्या मानाने हिच्या वाट्याला बरं नाव आलं.) स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, सोफ्यासारखी मागची सीट, आणि दार लावल्यावर तिजोरी बंद केल्याचा आवाज. गाडीला मी बिलकुल बोल लावत नाही. तिच्या बहिणींनी मुंबईत टॅक्सी म्हणून किती पावसाळे काढले याला गणती नाही. त्यातली शेवटची रस्त्यावरून उतरली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये. दोष होता तो माझ्या उजव्या पायाचा. पण उजवा पाय हा माणसाचा शेवटचा संशयित असतो. त्याआधी तो टायर, रस्ता, सरकार, पाऊस आणि बायको या सगळ्यांची चौकशी करतो.

मी टायरपासून सुरुवात केली. मेस्त्रींनी मागच्या टायरवरून तळहात फिरवला, न्हाव्याने काम झाल्यावर गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून फिरवावा तसा.

"गोटा झालेत," ते म्हणाले.

"अजून एक पावसाळा?"

"काढा की. रस्त्यावर काढायचा का हॉस्पिटलात, ते तुम्ही ठरवा."

कायद्याला टायरवर निदान १.६ मिलिमीटर खोल नक्षी लागते. ती शोभेची नसते. चाकाखालच्या पाण्याला बाहेर पडायला वाट म्हणून असते. वाट मिळाली नाही की पाणी चाकाखालीच मुक्काम करतं आणि गाडी त्यावर तरंगते. माझ्या टायरवरची नक्षी आधीच्या दोन मालकांच्या काळातच विस्मृतीत गेली होती. त्यातून पहिला पाऊस. आठ महिने रस्त्यावर सांडलेलं तेल, डिझेल, धूळ आणि रबराची भुकटी पहिल्या सरीत वर येते, आणि दोन-तीन दणकून सरी पडेपर्यंत सगळ्या रस्त्याला कुणीतरी अभ्यंगस्नानासाठी तेल चोळून ठेवल्यासारखं होतं.

माझ्याकडे पैसे दोनच टायरचे होते. मेस्त्रींनी ते मागे बसवले. "ढकलणारा धट्टाकट्टा पाहिजे," ते म्हणाले. मी शंका विचारली आणि त्यांनी हातातला पाना खाली ठेवून मला विद्या दिली.

"मारुती म्हणजे बैलगाडी. बैल पुढं, ओढणार, गाडी मुकाट मागनं येणार. तुमची म्हणजे हातगाडी. ढकलणारा मागं. ओल्या रस्त्यात भाजीवाला गाडी वळवताना बघितलाय? जोर जास्त लावला की त्याचाच पाय घसरतो. तो घसरला की गाडी कुठं जाते?"

"कुठे?"

"तुम्ही सकाळी गेलता तिथं."

इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. मधे गाडीच्या पोटाखालून गेलेला लांबलचक दांडा. त्या दांड्यामुळेच मागच्या सीटवर मधे बसणाऱ्याच्या दोन पायांत तो उंचवटा येतो आणि त्याला अख्खा प्रवास घोड्यावर बसल्यासारखा करावा लागतो. गाडीत मी एकटा असलो की सगळं वजन पुढे: इंजिन पुढे, मी पुढे. मागची चाकं रस्त्याला जेमतेम टेकलेली, पाहुण्यांकडे सोफ्याच्या कडेवर बसावं तशी. त्यांच्यावरच जोर लावायचा, तोही वळणावर, तोही ओल्यात. वळण संपायच्या आत मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चाकं जागच्या जागी गरगरत आणि मागचा भाग बाहेरच्या बाजूला हवापालट करायला निघे.

नवे टायर बसवूनही तो निघालाच. फक्त म्हैस दिसायच्या आत थांबला.

आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडं आणि मोटारी तीन. पण मोटारीविषयी मत बारा बिऱ्हाडांत चौदा. पहिला बोलला माझा मेहुणा, कारण त्याच्याकडे मारुती ८०० होती. ती डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आली. तोवर आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या अँबॅसेडर, फियाट, हेराल्ड सगळ्या मागच्या चाकांवर चालायच्या. मेहुण्याचं म्हणणं, देशात विज्ञानयुग त्या डिसेंबरातच आलं.

"भावोजी, मागच्या चाकांवर चालते म्हणूनच तिला मागासलेली म्हणतात. इसिगॉनिस नावाच्या साहेबाने १९५९ मध्ये मिनी काढली. इंजिन आडवं, पुढची चाकं ओढणारी. प्रश्न तिथेच संपला."

"त्याच साहेबाने त्याआधी मॉरिस मायनर काढली होती. ती मागच्या चाकांवर चालायची," मी वाचून आलो होतो.

"तेच म्हणतोय मी. चूक कळल्यावर माणूस सुधारतो."

दुसऱ्या मजल्यावरचा कॉलेजकुमार माझ्या बाजूने उभा राहिला. त्याने सांगितलं की शर्यतीतल्या फॉर्म्युला वन गाड्या मागच्याच चाकांवर चालतात. १९९३ साली डॉनिंग्टनच्या भर पावसात सेना सुरुवातीला पाचव्या नंबरावर ढकलला गेला आणि पहिली फेरी संपायच्या आत सगळ्यांना मागे टाकून पहिला आला. माझा ऊर भरून आला. मीही त्याच परंपरेतला. फरक एवढाच, की मी कर्वे रस्त्याच्या सिग्नलला पहिला होतो आणि वळण संपेपर्यंत पाचवा झालो होतो.

जेवताना हे मी घरात सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, "कुठल्या शाखेचा?"

"शाखेचा नाही हो. ब्राझीलचा. आयर्टन सेना."

"तिकडेही गेली का?" त्या म्हणाल्या आणि आमटी वाढायला लागल्या.

याच कॉलेजकुमाराने मला मुख्य मंत्र दिला. गाडी मागून घसरली की ब्रेक मारायचा नाही, अ‍ॅक्सिलरेटर झटक्याने सोडायचा नाही, हलकेच सैल करायचा, आणि शेपूट जिकडे जाईल तिकडेच स्टिअरिंग फिरवायचं. म्हणजे संसारात आपण करतोच ते. पण शरीराला हे पटत नाही. घसरलेल्या माणसाचा उजवा पाय ब्रेकवर आपोआप पडतो, तसा तोंडातून 'अगं आई गं' आपोआप निघतं. मी रोज रात्री जेवणाच्या टेबलावर स्टीलचं ताट दोन हातांत धरून सराव सुरू केला. बायको शेपटीची घोषणा करायची.

"शेपूट उजवीकडे!"

मी ताट डावीकडे फिरवायचो.

"उजवीकडे म्हटलं ना!"

"शेपूट उजवीकडे की मी उजवीकडे?"

"दोघेही उजवीकडे!"

दहापैकी सात वेळा मी घरच्या घरी, कोरड्या जमिनीवर, ताटासकट दरीत गेलो. आठव्या वेळी सासूबाई पोळी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "वाढू, की अजून एक वळण आहे?"

मंत्र हाताला लागेना, तेव्हा तळमजल्यावरच्या काकांनी तंत्र सांगितलं. काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं टेबलाच्या त्या बाजूला बसल्यामुळे जगातल्या प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याकडे एकच उत्तर होतं.

"मागे वजन पाहिजे."

"म्हणजे?"

"आमच्याकडे वजन ठेवल्याशिवाय फाइल जागची हलत नसे. तुमच्या गाडीला ती हलू नये म्हणून वजन ठेवायचं. तत्त्व तेच."

हे शास्त्राला धरूनच होतं. पुढे मुंबईच्या टॅक्स्यांच्या डिकीत सीएनजीची ती अवाढव्य लोखंडी टाकी आली आणि प्रवाशांची बॅग ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा लोक कुरकुरले; मी मात्र त्या टाकीकडे हेव्याने बघायचो. १९९६ च्या पुण्यात माझ्याकडे टाकी नव्हती. पण कोथरूडमध्ये तेव्हा ज्या घराशेजारी बांधकाम नाही असं घर नव्हतं. मी शेजारच्या साइटवरच्या वॉचमनला चहापाणी दिलं आणि सिमेंटच्या दोन रिकाम्या गोण्यांत वाळू भरून डिकीत ठेवली.

दोन दिवस गाडी अशी शहाण्यासारखी वागली, की मला तिच्या प्रकृतीची काळजी वाटायला लागली. तिसऱ्या दिवशी शेपूट पुन्हा वळवळलं. डिकी उघडून बघतो तर गोण्या निम्म्या. डिकीच्या तळाला गंजून सुपारीएवढं भोक पडलेलं होतं, हे मला माहीत नव्हतं, वाळूला होतं. फियाटने साइटच्या फाटकापासून आमच्या पार्किंगपर्यंत वाळूची सुबक रेघ ओढून ठेवली होती. तिच्यावरून साइटचा सुपरवायझर, मुंगळा साखरेच्या डब्यापाशी यावा तसा, थेट माझ्यापाशी आला.

"साहेब, वाळू चोरायला फियाट?" त्याला चोरीपेक्षा हे जास्त लागलेलं दिसलं. "निदान टेम्पो तरी आणायचा."

वाळू परत गेली. आणि काकांनी स्वतःला देऊ केलं.

काकांचं वजन ९४ किलो. जेमतेम नऊशे किलोच्या गाडीत ९४ किलो म्हणजे एक दशमांश भाग. शिवाय ते गळत नाहीत. "मला तसंही रोज पासबुक भरायला लक्ष्मी रोडला जायचंच असतं," ते म्हणाले. पासबुकात रोज काय भरतात, हे मी विचारलं नाही. गरजवंताला अक्कल नसते. दुसऱ्या दिवशी सव्वानऊला काका इस्त्रीचा शर्ट, छत्री, वर्तमानपत्र आणि पानाची चंची घेऊन गाडीपाशी हजर. निवृत्तीनंतर सहा वर्षांनी त्यांना पुन्हा पद मिळालं होतं. ते मागच्या सीटवर अगदी मधोमध बसायचे, तो उंचवटा दोन्ही पायांत घेऊन, म्हणजे दोन्ही चाकांना न्याय मिळेल. उजव्या वळणाला एक बोट वर्तमानपत्रातून बाहेर यायचं: "सावकाश." डाव्या वळणाला दुसरं. कर्वे पुतळा आम्ही असा ओलांडायचो, की पीएमटीचा तो ड्रायव्हर एकदा समोरून आला तेव्हा त्याने हात दाखवून अभिनंदन केलं.

पण नेमणूक म्हटली की तिच्यामागून सगळं येतं. आठवड्यात काकांनी सांगितलं, "उद्या किरकोळ रजा. परवा एकादशी, अर्धा दिवस." चहा लागू झाला. मग चहासोबत काहीतरी. एकदा ते सर्दीने आजारी पडले तेव्हा त्यांनी बदली माणूस म्हणून भाच्याला पाठवलं. तो ५२ किलोचा. मी परत पाठवला.

याच सुमारास एक अप्रिय घटना घडली, ती सांगायलाच हवी. मला ताप आला आणि फियाट घेऊन बायको गेली. एकटी. भर पावसात. मागे वजन नाही, वाळू नाही, काका नाहीत. कर्वे पुतळा, डेक्कन, अलका टॉकीजचा चौक, आणि परत. मी अंथरुणात उठून बसलो.

"घसरली?"

"कशाला घसरेल?"

"वळणावर?"

"वळणाच्या आधी हळू केली. वळून झाल्यावर वाढवली. सिग्नलला दुसऱ्या गिअरमध्ये उचलली, म्हणजे मागची चाकं झटका खात नाहीत. एवढंच."

मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम तिच्या शेजारी बसून पाहिलं. झोपलेल्या बाळाचं दुपटं बदलावं, तसा तिचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर पडत होता. काकांनी मात्र तिच्याबरोबर जायला नकार दिला. "तिथे आपली गरज नाही," ते दुखावून म्हणाले. मला ते पटलं. आम्ही दोघांनी त्या विषयावर पुन्हा बोलायचं नाही असं ठरवलं आणि वजनाचा कार्यक्रम पुढे चालू ठेवला.

जुलैच्या सुरुवातीला बायकोच्या मावशीकडे, दापोलीजवळ, पूजेला जायचं निघालं. मेहुणा आपली मारुती घेऊन पुढे, आमची फियाट मागे. माझ्या गाडीत पुढे बायको. मागे एका खिडकीशी सासूबाई, दुसऱ्या खिडकीशी आमचा मुलगा आणि मधोमध काका. काकांचा त्या पूजेशी काही संबंध नव्हता. "घाट आहेत," एवढंच ते म्हणाले आणि पिशवी घेऊन बसले.

भोर मागे पडलं, वरंधा घाटात धुकं मिळालं, वाघजाईपाशी कांदाभजी मिळाली. महाडच्या अलीकडे रस्त्यावर निम्मी चाकं बुडतील एवढं पाणी होतं. त्यातून बाहेर आल्यावर ब्रेकवर पाय ठेवला तर तो मंत्र्याच्या आश्वासनासारखा नुसताच खाली गेला. चारी चाकांना ड्रम ब्रेक, आत पाणी शिरलेलं. चालता चालता हलका पाय ठेवून ते वाळवावे लागतात. ते वाळेपर्यंत सासूबाईंचं अथर्वशीर्ष दोनदा म्हणून झालं.

माझा सुवर्णक्षण आला तो मावशीच्या घराशी. रस्त्यापासून घरापर्यंत लाल मातीचा उभा चढ, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, त्यांवर शेवाळ, आणि वरून पाण्याचा ओहोळ. मेहुण्याची मारुती निम्म्या चढावर थांबली आणि पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. तांबडा चिखल उडून काचेवर रांगोळी निघाली. चढावर गाडीचं वजन मागे सरकतं. ओढणारी पुढची चाकं हलकी होतात. बैलांचे पायच अधांतरी, ओढणार कोण? मी मेहुण्याला खिडकीतून विचारलं, "इसिगॉनिस काय म्हणतो?" आणि दुसऱ्या गिअरवर, काका, सासूबाई, मुलगा आणि चार पिशव्या या सगळ्यांना मागच्या चाकांवर बसवून, हत्तीच्या चालीने वर गेलो. असा विजय मला आयुष्यात त्यापूर्वी मिळाला नव्हता आणि, खरं सांगायचं तर, त्यानंतरही.

मेहुणा हार मानणारा नव्हे. त्याने मारुती खाली नेली, फिरवली आणि रिव्हर्समध्ये वर चढवली. उलटी केल्यावर ओढणारी चाकं उताराच्या बाजूला येतात, त्यांच्यावर वजन येतं आणि ती धरतात. शास्त्र बरोबर होतं. पण दिसायला वाईट. पडवीत जमलेल्या वीस-पंचवीस माणसांसमोर मारुती आधी पाठ, मग पोट, मग चेहरा, अशी वर आली. मावशी हातातलं फुलाचं तबक तसंच धरून उभी राहिली.

"हा पाठमोरा का येतोय गं? भांडून आलाय काय कुणाशी?"

दोन दिवस मी पडवीत पागोळ्यांकडे बघत त्या चढाची गोष्ट सांगत होतो. गर्वाचं घर खाली, म्हणतात. माझं कशेडी घाटाच्या उतारावर होतं.

निघताना मावशीने साठ सोललेले नारळ दिले. ते पोत्यात भरू म्हणाली. मी म्हटलं, कशाला, डिकीत मोकळेच टाका, वजन सगळीकडे सारखं पसरेल. काकांनीही मान डोलावली. वजनाच्या बाबतीत आमच्याकडे त्यांचा शब्द अखेरचा होता. खेडपर्यंत रस्ता बरा. कशेडीचा उतार लागला तसा मी पहिला ब्रेक दाबला. साठ नारळ एकदम पुढे धावले आणि मागच्या सीटच्या पाठीवर आदळले.

"पाठीत कोण मारतंय?" सासूबाई.

डावं वळण आलं. नारळ उजवीकडे. धडाधड. उजवं वळण. नारळ डावीकडे. आम्ही वळायचं ठरवलं की डिकी आमच्या विरुद्ध मतदान करत होती. पुढच्या वळणावर साठही नारळ एकदम एका बाजूला कोसळले, गाडीला झटका बसला, मी दचकून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय झटक्यात काढला, आणि जे करायचं नाही म्हणून जूनभर ताट फिरवत पाठ केलं होतं नेमकं तेच झालं. वजन पुढे आलं, मागची चाकं हलकी झाली आणि इंजिनाने त्यांनाच मागे खेचलं. शेपूट दरीच्या बाजूला निघालं.

"शेपूट उजवीकडे!" बायको ओरडली.

आणि माझे हात, माझी परवानगी न घेता, उजवीकडे वळले. गाडी एकदा हलली, दोनदा हलली, आणि सरळ झाली. जेवणाच्या टेबलावर सात वेळा दरीत गेल्याचं सार्थक झालं. आतमध्ये पूर्ण शांतता. मग डिकीतून एकच नारळ, उशिरा आलेल्या माणसासारखा, सावकाश घरंगळत पलीकडच्या कडेला जाऊन टेकला.

"टक्," मुलगा म्हणाला.

पुढच्या टपरीवर मी थांबलो. माझे गुडघे चहाच्या ग्लासाच्या तालावर हलत होते. शेजारी एक ट्रकवाला बिडी ओढत उभा होता. डिकी उघडी बघून त्याने आत डोकावलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मोकळे भरले?"

"हो."

"माल बांधावा लागतो हो," तो म्हणाला. "सुटा माल गाडी चालवतो, डायव्हर नाय चालवत." त्याने ट्रकमधून स्वतःचं रिकामं पोतं काढून दिलं. पैसे घेतले नाहीत. चार नारळ घेतले.

पुण्याला सुखरूप पोचलो. पण त्यानंतर पंधरा दिवसांतच कर्वे पुतळ्याच्या वळणावर काहीतरी बिनसायला लागलं. टायर नवे, पाय सावध, काका मधोमध, आणि तरी शेपटीत किंचित वळवळ. मेस्त्रींनी गाडी तपासली. काही नाही. मी काकांकडे आरशातून नीट पाहिलं. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल होती.

"काका, बरं नाही का?"

"साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, पंधरा किलो उतरवा. सात उतरवले." अभिमानाने त्यांनी पट्ट्याचं नवं भोक दाखवलं. "ऑगस्ट अखेर ऐंशी."

त्यांच्या वजनातली घट घरच्यांच्या आधी माझ्या फियाटला कळली होती. ऐंशी किलोवर आमचं भागणार नव्हतं. आता माझी नीच वृत्ती सांगतो: त्या संध्याकाळी मी अर्धा किलो जिलबी घेऊन काकांच्या दारात उभा राहिलो. श्रावण लागतोय, म्हटलं, सहज. दार काकूंनी उघडलं. त्यांनी पुड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पलीकडे पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीकडे.

"जिलबी कुणासाठी?"

"तुमच्यासाठी."

"मला गोड आवडत नाही, हे तुम्हाला बारा वर्षं माहीत आहे."

मी छताकडे बघायला लागलो. काकू आत गेल्या. आतून डबे सरकल्याचा, काहीतरी जड ओढत आणल्याचा आवाज आला, आणि त्या गव्हाचा वीस किलोंचा डबा दारात ठेवून उभ्या राहिल्या.

"हे घ्या. ऑफिसला जाताना गिरणीत टाका, येताना पीठ आणा. आणि डबा मागच्या सीटवर नीट टेकवून ठेवा, वर दोरी बांधा. डिकीत मोकळा टाकू नका. नारळांचं मला सगळं कळलंय."

जिलबीचा पुडा त्यांनी माझ्या हातात परत दिला. दार लावता लावता त्यांनी जिन्यात वरच्या मजल्याकडे हाक मारली, "अहो वहिनी, तुमचं दळण द्यायचं होतं ना? हे चाललेत!"

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मागच्या सीटवर सात डबे होते. त्यांत एक ज्वारी, एक बाजरी, एक भाजणी आणि एक 'जरा जाडसर काढायला सांगा' अशी चिठ्ठी लावलेला. काका वजनावरून मुक्त होऊन गॅलरीतून हात हलवत होते. तो उरलेला पावसाळा अख्ख्या इमारतीचं दळण फियाटच्या मागच्या सीटवरून गेलं आणि आलं. शेपूट एकदाही हललं नाही. ऑफिसात मात्र मी रोज अर्धा तास उशिरा पोचायचो, आणि साहेबांना त्याचं कारण मी काही सांगायच्या आत माझ्या पाठीवरच्या पिठावरून कळायचं.